गाभण मेंढी वेगळी काढा, पण एकटी ठेवू नका

मेंढी साधारण 147 ते 150 दिवसांत विते. शेवटचे 10-15 दिवस राहिले, कास भरायला लागली की तिला कळपातून बाजूला काढायचं, कारण चाऱ्यावर ढकलाढकलीत पोटाला मार बसतो. पहिल्या वर्षी मी एक मेंढी घरामागच्या खोलीत एकटीच बांधली, तर दोन दिवस नुसती ओरडत राहिली, चाऱ्याला तोंड लावेना. बाकीच्या दिसल्या नाहीत की मेंढी घाबरते, खाणं सोडते, आणि या दिवसांत खाणं सोडलं की जिवावर बेततं.

म्हणून वाड्यातच एका कोपऱ्यात वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, लावून पाच-सहा फुटाची जागा करा, जाळीतून कळप दिसला पाहिजे, जमलं तर दुसरी गाभण मेंढी सोबतीला द्या. खाली कोरडं काड, पाणी कायम पुढ्यात. आंत्रविषारची (आतड्यात विष होणारा रोग) लस मात्र त्याच्याही आधी, म्हणजे विण्याच्या 3-4 आठवडे अगोदर द्या, चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, कोकराला ताकद मिळते.

पोटातल्या कोकराची दोन तृतीयांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागाच उरत नाही, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं टाका. लसूणघास, तुरीचं भुसकट, वर मका भरडा आणि शेंगपेंड मिळून 200-300 ग्रॅम, पण खुराक एकदम नाही, आठवडाभरात वाढवत न्यायचा. फलटणची नारी सुवर्णा जातीची मेंढी असेल तर जुळ्यांची शक्यता जास्त, तिथं अजून जपा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विणारी मेंढी पण कोपरा धरते आणि आजारी पण कोपरा धरते. विणारी पायानं जमीन उकरते, उठबस करते, डोळे तरतरीत असतात. आजारी मेंढी मान खाली घालून सुस्त उभी राहते, दात खाते, खुराकाला नाही म्हणते, समोरचं दिसत नसल्यासारखी भिंतीला धडकते. हा गाभणकाळातला किटोसिस, पोटात जुळं असलं आणि खाणं कमी पडलं की होतो. गूळपाणी पाजून वाट बघत बसू नका, त्याच तासाला डॉक्टरला फोन करा नाहीतर जनावरांच्या दवाखान्याची 1962 ही हेल्पलाइन लावा. मान टाकली असेल तर तोंडात काहीच ओतू नका, फुफ्फुसात जातं.

पाण्याची पिशवी फुटल्यावर तासाभरात पुढचे दोन पाय आणि नाक दिसलं नाही तर स्वतः ओढाओढ नको, डॉक्टर बोलवा. कोकरू पडलं की नाक पुसा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, मेंढीला चाटू द्या. 3 किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दोन-चार तासात 150 मिली चीक गेलाच पाहिजे. वार (विल्यावर मागून पडणारी जार) ओढायची नाही, 12 तासात पडली नाही तर परत डॉक्टर.

दोन-तीन दिवस मायलेकरं तिथंच राहू द्या, कोकरू आईचा आवाज ओळखून मागं पळायला लागलं की वाघर काढा.