पखवाजवाल्या मित्राला मार्क नॉफ्लर कसा ऐकवावा

ब्रिटिश रॉक बँड डायर स्ट्रेट्सचा गायक आणि गिटारवाला मार्क नॉफ्लर कुणाला ऐकवायचा असेल, तर 'मनी फॉर नथिंग' या गाण्याने सुरुवात करू नका. मी केली होती. मित्राच्या पुतण्याचं लग्न, गाडीत सहाजण कोंबलेले, काचा खाली, आणि मी मागच्या सीटवरून ओरडतोय, "आता बघ, आता गिटार येतेय!" गिटार आली. मित्र म्हणाला, "बारीक कर जरा, मागचं चाक वाजतंय का बघू दे." त्यानंतर तीन वर्षं मी त्याच्यापुढे डायर स्ट्रेट्सचं नाव काढलं नाही.

चूक गाण्याची नव्हती. त्या गाण्याच्या सुरुवातीला गिटारचा जो घोगरा आवाज आहे, त्यावर जगातली अर्धी गिटारवाली पोरं फिदा आहेत. पण माझा मित्र गिटारवाला नाही. तो आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा पखवाज वाजवतो. सकाळी दूध संघात नोकरी, रात्री मंडळ. कोल्हापूरबाहेर गेला तर पंढरपूरला. त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, फक्त त्यांना सवय वेगळ्या गोष्टींची आहे. माझं उद्यमनगरात लेथचं काम आहे. टूल जॉबला नीट लागलं की नाही हे मला न बघता आवाजावरून कळतं, तसं त्याला टाळ अर्ध्या मात्रेनं मागं पडला तरी कळतं. अशा माणसाला "हा जगातला ग्रेट गिटारिस्ट आहे" असं सांगून काही उपयोग नाही. ग्रेट त्याचं तो ठरवणार.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मित्र काय ऐकतो ते बघायचं, आणि नॉफ्लरमध्ये त्याच्या जवळचं काय आहे ते शोधायचं. मला ते सापडायला वेळ लागला, सापडलं मंडळातच. बुवांनी अभंगाची ओळ सोडली, मागच्यांनी ती झेलली, आणि झेलताना एकाने शेवटाला अशी काही जागा घेतली की बुवांनीच वळून बघितलं. मी म्हटलं, अरे, 'सुलतान्स ऑफ स्विंग'मध्ये गिटार हेच तर करते! नॉफ्लर स्वतःच गातो, आणि खरं सांगायचं तर अर्धं बोलल्यासारखंच गातो. ओळ संपली की त्याचीच गिटार ती झेलते. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर. स्वतःच बुवा आणि स्वतःच झीलकरी.

दुसरं काम जागेचं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवू नका, हात जोडतो. हा माणूस बहुतेक वेळा पिक (तार छेडायची छोटी चकती) न वापरता अंगठा आणि पुढच्या दोन बोटांनी तार छेडतो. मांसाचा स्पर्श, मग तार सुटताना होणारा तो टचकन आवाज, हे सगळं मोबाइलमध्ये मरतं. मी सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये बसवलं. मशीन बंद, शटर अर्धं खाली, दोन जुने लाकडी स्पीकर कानाच्या उंचीला येतील असे टूलच्या कपाटावर ठेवले. मिसळ आधी खाऊन घ्यायची. उपाशी माणूस ऐकत नाही, आणि तर्रीचा ठसका लागला तरी ऐकत नाही.

मग गोष्ट सांगायची, पण अगदी थोडक्यात. माझ्या मित्राला इंग्रजी कामापुरतं येतं. त्यामुळे गाणं लावण्याआधी मी एवढंच सांगितलं: लंडनमधली पावसाळी रात्र आहे. एका पबमध्ये काही हौशी लोक जुन्या वळणाचं जॅझ वाजवताहेत. ऐकणारी पोरं दुसऱ्याच नादात आहेत, यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. वाजवणाऱ्यातला एक दिवसा नोकरी करतो, त्याला मोठं व्हायची घाई नाही. मित्र म्हणाला, "म्हणजे आमचं मंडळच की." झालं, आता पुढं बोलायचं नाही. (नॉफ्लरने स्वतः आधी लीड्समध्ये वार्ताहरकी केली, मग एसेक्समधल्या एका कॉलेजात शिकवलं. १९७८ साली पहिली रेकॉर्ड आली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. हे मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं की भाषण होतं.)

ऐकताना लक्ष द्यायला एकच गोष्ट द्या, दहा देऊ नका. "त्यानं ओळ टाकली की गिटार काय म्हणते तेवढं बघ." बस. आणि तोंडाला कुलूप लावा. "आता बघ" म्हणायचं नाही, हवेत गिटार वाजवायची नाही, मित्राच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही. मी कपाटातले ड्रिल बिट मापाप्रमाणे लावत बसलो. पाठ त्याच्याकडे, कान त्याच्याकडे. दुसऱ्या कडव्यापासून त्याची बोटं बाकावर वाजायला लागली. शेवटच्या मिनिटात नॉफ्लर तारांवरून जो सुटतो, तीन-तीन सुरांचे ते भराभर पडणारे सपकारे, तिथं बोटं थांबली. हात वर उचललेला आणि तसाच. मग गाणं हळूहळू विरून गेलं आणि हा म्हणाला, "हे काय, समेवर आणलंच नाही?"

याचं उत्तर तयार ठेवा. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग असं विरतच जातं. शेवट हवा असेल त्यांच्यासाठी 'अल्केमी' आहे, १९८३ च्या जुलैत लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. तिथं हेच गाणं दहा मिनिटांच्या वर चालतं. पण ते त्याच दिवशी लावू नका. मागितल्याबरोबर ताट पुढं केलं की भूक राहत नाही.

त्या दिवशी दुसरं आणि शेवटचं लावायचं ते 'ब्रदर्स इन आर्म्स', १९८५ चं. फॉकलंडच्या युद्धाच्या वेळी सुचलेलं गाणं, मरणाच्या दारातला सैनिक सोबत्यांशी बोलतोय. इथं बोटांची घाई काहीच नाही. व्हॉल्यूमचं पेडल पायाखाली घेऊन तो सूर असा आणतो की तार छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही, सूर धुक्यातून वर येतो. तुमचा मित्र सारंगी ऐकणारा असेल तर सरळ इथूनच सुरू करा, 'सुलतान्स'ला मागं टाका. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे गाणं समजावावं लागत नाही. माझ्या मित्राला मात्र ते जरा लांबलं. "बरं आहे, पण ठेका झोपलाय," असं म्हणाला. मला राग आला होता, कबूल करतो. हे गाणं ऐकून मी एकदा चालू लेथ बंद करून नुसता उभा राहिलेलो आहे. पण राग दाखवायचा नाही. चहा मागवायचा.

बाकीच्यांसाठी घाईघाईत सांगतो. कवितेवाला मित्र असेल तर 'रोमिओ अँड ज्युलिएट', १९८० चं. त्यात लाकडी नव्हे, धातूच्या अंगाची, नॅशनल कंपनीची १९३७ ची गिटार आहे, ती 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या कव्हरवर निळ्या आभाळात तरंगताना दिसते तीच. शब्द नकोच असतील तर 'लोकल हिरो' चित्रपटाचं 'गोइंग होम'. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानावर घरचा संघ उतरताना ते वाजवतात, नॉफ्लर लहानाचा मोठा झाला तो त्याच भागात. घरात म्हातारी माणसं झोपली असतील तर चेट अ‍ॅटकिन्स या अमेरिकन गिटारवाल्याबरोबरची १९९० ची 'नेक अँड नेक' ही रेकॉर्ड. दोघंही बोटांनी वाजवणारे, दोघांनाही कसली घाई नाही. आणि गिटार शिकणारा भाचा असेल तर लावा बापडे 'मनी फॉर नथिंग'.

व्हिडिओ मात्र सगळ्यात शेवटी. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, आणि १९८५ च्या आसपासचा नॉफ्लरच्या कपाळावरचा तो पट्टा बघून माझा मित्र आधी पाच मिनिटं हसला असता. पण कधीतरी दाखवाच, उजव्या हाताची बोटं बघण्यासाठी. गंमत म्हणजे हा माणूस मूळचा डावखुरा, आणि गिटार धरतो उजव्यासारखी. म्हणजे त्याचा जोरकस हात तारा दाबायला आणि ओढायला आहे. पखवाजवाल्याला डाव्या हाताची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

तर त्या दिवशी चहा आला. मी वाट बघत होतो की आता हा विचारेल, कोण हा, अजून काय वाजवलंय, कुठं मिळेल. बशीतला चहा संपवून त्यानं विचारलं, "ते पहिलं होतं ना, त्यातला ढोलवाला कोण?"

ढोलवाला! पिक विदर्स. मी वीस वर्षं ते गाणं ऐकतोय आणि त्याच्याकडे कधी धड लक्ष दिलं नव्हतं.

इथं फार सांभाळायचं असतं. "अरे, गिटारबद्दल बोल" असं तोंडावर आलेलं गिळायचं आणि जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं. मी म्हटलं, तोच माणूस १९८२ च्या 'टेलिग्राफ रोड' या गाण्यात आहे, ते गाणं ज्या रेकॉर्डवर आहे तिच्यानंतर त्यानं बँड सोडला. गाणं चौदा मिनिटांचं आहे, पुढच्या सुट्टीला ये. एका रानात एकटा माणूस येतो, झोपडी बांधतो, मग रस्ता येतो, गाव होतं, कारखाने येतात, आणि शेवटी कामं बंद पडतात, अशी गोष्ट आहे. शेवटची तीन-चार मिनिटं शब्दच नाहीत, ड्रम आणि गिटार एकमेकांच्या मागं लागतात. हे शेवटचं मी मुद्दाम सांगितलं, ड्रमचं नाव आधी घेऊन.

तो आला. येताना पखवाज घेऊन आला. पहिली दहा मिनिटं मांडीवर नुसता धरून बसला होता, मग शाई (पखवाजाच्या कातड्यावरचा काळा लेप) कोरडी पडलीय म्हणाला, आणि मला पुढच्या सुट्टीला कणीक मळून आणायला सांगितलं. डाव्या बाजूला लावायला. आता दर सुट्टीला मी एक गोळा डब्यात घालून वर्कशॉपला नेतो. बायको विचारते, कुणासाठी.