फिनिक्समध्ये हिवाळ्यात बाग करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्स, चँडलर, गिल्बर्टकडे नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा एक गोड गैरसमज असतो, वाळवंट आहे म्हणजे थंडी कसली! आणि दिवसा बघितलं तर खरंच तसं वाटतं, जानेवारीतही दुपारी 65-70 फॅरनहाइट, स्वेटर कपाटातच. पण झाडं मरतात ती रात्री. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे सूर्य बुडाला की जमिनीतली ऊब भराभर निघून जाते आणि पहाटे कधीकधी पारा 32 च्या, म्हणजे पाणी गोठतं त्याच्याही खाली. त्यात बातम्यांमध्ये सांगतात ते तापमान स्काय हार्बर एअरपोर्टचं, काँक्रीटच्या गराड्यातलं. तुम्ही क्वीन क्रीकसारख्या कडेच्या भागात राहत असाल तर त्यातून काही डिग्री वजा करूनच चाला.

आता झाकण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक तुळशीवर, कढीपत्त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवतात आणि निवांत झोपतात. प्लास्टिक जिथे पानाला चिकटतं तिथेच पान करपतं, आणि सकाळी ऊन आलं की आत वाफ धरते ती वेगळीच. जुनी चादर घ्या, सुती असली तर उत्तम, आणि ती पार जमिनीपर्यंत सोडा. बुंध्याशी गाठ मारून गाठोडं करू नका, ऊब जमिनीतून वर येते, ती आत शिरलीच नाही तर चादरीचा उपयोग काय? सकाळी ऊन चढलं की काढून टाका. काही जण झाडाला दिव्यांच्या माळा गुंडाळतात, आयडिया चांगली आहे पण जुने पिवळे गरम होणारे बल्ब हवेत, एलईडीच्या माळेने फक्त रोषणाई होते. आणि शेजाऱ्याच्या निवडुंगाच्या टोकांवर थर्माकोलचे कॉफी कप उलटे घातलेले दिसले तर हसू नका, कोवळे शेंडे वाचवायची ती इथली खरीखुरी पद्धत आहे.

कुंडीतली तुळस सरळ घरात घ्या. कढीपत्ता, जास्वंद कुंडीत असतील तर घराच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला बाहेरून टेकवून ठेवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते.

एवढं करूनही गारठ्याने पानं काळी पडली तर लगेच कात्री घेऊन धावू नका! ही चूक मला थंडीपेक्षा वाईट वाटते. ती मेलेली पानं खालच्या फांद्यांना आडोसा देत असतात, शिवाय छाटलं की झाड नवी पालवी फोडतं आणि पुढच्या थंडीत तीच आधी जाते. दिसायला भिकार दिसलं तरी दिसू दे, मार्चमध्ये कुठून हिरवं फुटतंय ते बघून छाटा.

पाण्याचं गणित उलटंसुलटं होतं. ड्रिपचा टायमर जूनमध्ये लावलेला तो डिसेंबरातही तसाच चालू असतो, मग लिंबाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि लोक नर्सरीतून लोहाचं खत आणून ओततात. अहो, इथल्या मातीत लोह असतं, पण माती अल्कधर्मी, त्यात गार आणि सतत ओली, म्हणून मुळांना ते घेता येत नाही. आधी पाणी कमी करा. पण कमी म्हणजे रोज थोडं थोडं असं नाही, दोन पाण्यांमधले दिवस वाढवा आणि देताना खोलवर द्या. भाजीला एक फूट, झुडपाला दोन, झाडाला तीन फूट ओल गेली पाहिजे, पाणी दिल्यावर लांब सळई खुपसून बघा, ओल्या मातीत सहज जाते, कोरडं लागलं की अडते. वरवर शिंपडत राहिलात तर पाण्यातले क्षार मुळाशीच साठतात, मातीवर पांढरी पुटं आणि पानांची टोकं तपकिरी दिसली तर समजा तेच झालंय. आणि थंडीची रात्र येणार असेल तर आदल्या दिवशी जमीन ओली करून ठेवा, ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. निवडुंग आणि कोरफड यांना मात्र हे लागू नाही, त्यांना हिवाळ्यात जवळजवळ विसरूनच जा.

खड्डा खणताना कुदळ ठण्णकन वाजली तर ते कॅलिची, चुनखडीचा थर. फोडता येत नसेल तर तिथे झाड लावायचा हट्ट सोडा, वाफा उंच करून भाज्या लावा.

आणि पेरणीची वेळ! भारतातल्या सवयीने काही जण पाऊस-उन्हाळा बघतात, तर काही अमेरिकेच्या थंड भागातल्या व्हिडिओवर विसंबून एप्रिलपर्यंत थांबतात, आणि तोवर इथे कोथिंबिरीला तुरे येऊन ती संपायला आलेली असते. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, पालक यांचा इथला खरा सीझन ऑक्टोबरपासून. सप्टेंबरमध्ये शंभरच्या वर तापमान असताना धणे टाकलेत तर उगवायची आशा कमीच, जमीन थोडी निवू द्या. धणे चपलेने हलके रगडून दोन डाळिंब्या करून पेरा. टोमॅटो-मिरचीची रोपं मात्र फेब्रुवारीच्या मध्यानंतर मार्चच्या मध्यापर्यंत लावून टाका, आणि रात्रीसाठी चादर अजून हाताशी राहू द्या. त्याहून उशीर केलात तर फुलं यायला आणि ऊन शंभरीला पोचायला एकच गाठ पडते, मग फुलं नुसती गळत राहतात.