गाडीला नवीन कार्ब घेताय? आधी साइज बघा, मग ब्रँड

कार्ब, म्हणजे बाइकच्या इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा कार्ब्युरेटर, बदलायचाच हे ठरलंय असं धरून लिहितोय. म्हणजे साफ करून झाला, दुरुस्तीचं किट टाकून झालं, टाकीतला कचरा, एअर फिल्टर, प्लग सगळं बघून झालं आणि तरी आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहणं, टिकत नाही. कार्बच्या आतला पिस्टन (रेस दिली की वर उचलतो तो) वर-खाली नाही, आडवा हलवून बघा, बॉडीत खुळखुळत असेल तर तो कार्ब गेलाच, त्याच्यावर अजून ट्युनिंगचे पैसे घालू नका.

आता मुद्द्याचं, साइज. मी स्वतः इथेच सगळ्यात जास्त काळ अडकलो होतो आणि चुकीचे सल्लेही इथेच सगळ्यात जास्त मिळतात. बुलेट साडेतीनशे घ्या, जुनं कास्ट आयर्न इंजिन. कंपनीचा कार्ब २४ एमएमचा. गॅरेजमध्ये कोणीतरी हमखास सांगतं की बुलेट पाचशेचा २८ टाक, पिकअप बघ कसा येतो. ऐकायला चारच एमएम वाटतात, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळपास ३६ टक्क्यांनी वाढतं, आणि इंजिन तेवढंच आहे, ते हवा तेवढीच ओढणार. मग मोठ्या भोकातून तीच हवा सावकाश जाते. कार्बचा सगळा खेळ हवेच्या वेगावर आहे, वेग असेल तर जेटवर (पेट्रोल येतं त्या बारीक भोकावर) ओढ तयार होते आणि पेट्रोल वर येऊन बारीक तुषार होतं. वेग पडला की ओढ पडते, पेट्रोल कमी येतं आणि जे येतं ते जाड थेंबांनी. म्हणून स्वारगेटला सिग्नल सुटल्यावर रेस पिळली की गाडी आधी गप होते, मग एकदम उचलते. यावर मेकॅनिक पायलट जेट (कमी रेसवरचा छोटा जेट) वाढवून देतो, गप होणं थोडं कमी होतं, पण प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज खाली येतं. मोठ्या कार्बचा फायदा वरच्या आरपीएमला, तेही कॅम आणि पोर्टचं काम केलेलं असेल तर. आपण दिवसभर पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर असतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कंपनीचीच साइज घ्यायची, माझ्याकडून याला दुसरं उत्तर मिळणार नाही.

साइज मोजताना फिल्टरकडचं तोंड मोजू नका, ते मुद्दाम पसरट असतं. पिस्टन बसतो तिथलं भोक मोजायचं.

दुसरी अडचण प्रकाराची. केबलने पिस्टन थेट उचलणारा कार्ब वेगळा आणि रबरी डायाफ्रामवाला सीव्ही वेगळा. सीव्हीमध्ये तुम्ही फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, उघडता, पिस्टन इंजिनच्या ओढीने लागेल तेवढाच वर येतो, त्यामुळे रेस एकदम दिली तरी इंजिन सांभाळून घेतं. गाडीला सीव्ही आला असेल तर सीव्हीच लावा. आणि पल्सरसारख्या गाड्यांमध्ये थ्रॉटल किती उघडलाय हे इग्निशनला कळवणारी वायर कार्बवरूनच जाते, ती सोय नसलेला कार्ब बसतो छान, पण टायमिंग बिघडतं.

खरेदीला नाना पेठेत जाताना जुना कार्ब पिशवीत घालून न्या, फोटो नको. बेंडकडच्या (कार्ब इंजिनला जोडणारा पाइप) तोंडाचा व्यास, बोल्टमधलं अंतर, केबलची बाजू, चोक हे सगळं शेजारी ठेवूनच जुळवा. जेटवरचे नंबर स्वच्छ उमटलेत का बघा, पिस्टन टाकून बॉडी उलटसुलट करा, अडकता कामा नये. ‘सगळ्यांना बसतो’ म्हणून दाखवतील तो घेऊ नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, तेव्हा ओ-रिंग आणि पेट्रोलचा पाइप इथेनॉलला चालणारे आहेत का ते विचाराच.

बसवताना बेंडचं पॅकिंग नवीन टाका. बास.

आयडल गरम इंजिनवर सेट करायचं, आणि त्याआधी स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत फिरवला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. ‘दीड फेरा बाहेर’ हा सल्ला दोघांना सारखाच देतात, पण ती फक्त सुरुवात आहे, तिथून पुढे आवाज ऐकत कुठे फिरवायचं हे उलटसुलट होतं.

मग जुन्या कात्रज घाटात अर्ध्या थ्रॉटलवर चढवा. धडधडत, जड चढली तर नीडलची (कार्बच्या पिस्टनमधली सुई) क्लिप एक खाच वर, म्हणजे नीडल खाली जाते. झटके देत, तापत चढली तर क्लिप एक खाच खाली. वर पोचल्यावर इंजिन तिथेच बंद करा, थोडं निवलं की प्लग काढा, तपकिरी हवा. पांढराफटक असेल तर तसेच पुढे जाऊ नका, लीन गाडी इंजिनचा पिस्टन खाते, आधी बेंडला कुठून हवा ओढतेय का ते बघा, मगच जेटला हात लावा.

जुन्या कार्बमधले जेट काढून नंबर लिहून ठेवा, नवीन कार्बला आलेले जेट तुमच्या इंजिनाचे असतीलच असं नाही.