चार वर्षं उभी स्प्लेंडर अशी सुरू झाली

चार वर्षं पत्र्याखाली उभी असलेली जुनी स्प्लेंडर. आधी किक मारलीच नाही. स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी किक हातानं हळू दाबली. पिस्टन मोकळा होता.

ठिणगी निळी, म्हणजे करंट ठीक. बॅटरी केव्हाच मेलेली, पण या मॉडेलचं इग्निशन मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरलं की स्वतःच वीज तयार करणाऱ्या भागावर चालतं, किकला तिची गरज नाही.

खरा घोळ कार्बोरेटरात, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो; वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे उरतो पिवळट चिकट थर, वास थेट वॉर्निशचा. स्लो जेट म्हणजे गाडी उभ्या उभ्या चालू असताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी; तिचं भोक केसाएवढं. उजेडाकडे धरलं तर आरपार काही दिसेना. कार्ब क्लीनर मारून तासभर भिजवला, मग वायरमधली तांब्याची एकच तार फिरवली. सुई अजिबात नको, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पीतच राहते.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून गंज धुतला, पाइप बदलला, प्लगच्या टोकांमधला गॅप ०.६ मिमी ठेवला. चोक ओढून सातव्या किकला सुरू. पाच मिनिटं निळसर पांढरा धूर आला, तो आपणच सोडलेल्या ऑइलचा. इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढून नवं भरलं.