गोष्टीपलीकडची पुस्तकं मुलांच्या हातात कशी द्यायची

मुलगा आठवीत गेला तेव्हा मी एकदम सात-आठ पुस्तकं घेऊन आले, शास्त्रज्ञांची चरित्रं, अंतराळ, इतिहास, सगळंच, आणि ती गणेशचवथीपासून शिगम्यापर्यंत कपाटावर तशीच पडून राहिली. पोराच्या डोक्यात प्रश्नच नसेल तर कितीही चांगलं पुस्तक त्याला शाळेचंच वाटतं, हे मला तेव्हा कळलं. आता आमच्याकडे आधी प्रश्न आणि मग पुस्तक असं चालतं, ते कसं ते सांगते.

आधी बाहेर पडा. आम्ही इथे गोव्यातच रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलो होतो, तिथे खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतीच्या, बांधात एक मानस आहे, म्हणजे लाकडी दारं बसवलेली पाण्याची वाट. मुलगा तिथे अर्धा तास उभा. भरती आली की नदीचं खारं पाणी बाहेरून ढकलतं आणि दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतलं पाणी दार उघडून बाहेर जातं, ना मोटर ना वीज. घरी येताना फेरीवर प्रश्न सुरू, हे कोणी बांधलं, बांध फुटला तर दुरुस्त कोण करायचं, खाऱ्या जमिनीत भात कसा होतो? बघा, एका दारातून विज्ञान, शेती आणि गावकरी पद्धत तिन्ही आलं, आता पुस्तक दिलं तर तो वाचणारच. तुमच्या गावात मानस नसेल तर खाण असेल, जुनी तळी असेल, काजूची भट्टी असेल, काहीतरी असतंच.

प्रश्न वहीत लिहायला लावा आणि मग लायब्ररीत जा, पुस्तक त्याचं त्यालाच शोधू दे. पणजीला पाटोवर, कदंब बसस्टँडपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ साली पोर्तुगीज काळात सुरू झालेली, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. एवढं हाताशी असताना मुलाचं कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यातच काढा. आणि तिथे गेल्यावर तुम्ही त्याच्या मागे मागे फिरू नका. त्याला एकच सांगून ठेवा, आधी अनुक्रमणिका बघ, त्यातलं जे प्रकरण ओढेल ते वाच, पहिल्या पानापासून सुरुवात करायलाच पाहिजे असं काही नाही. वीस पानं वाचून कंटाळा आला तर पुस्तक परत द्यायची मुभा पाहिजे, त्यावरून घरात बोलणी नकोत.

चरित्र निवडताना मात्र मी जरा कडक आहे. जन्म, गरिबी, मेहनत, पुरस्कार आणि शेवटी फोटो, अशी चरित्रं पोरं दोन पानांत ओळखतात आणि ठेवून देतात, आणि मला वाटतं बरोबरच करतात. माणूस जिथे चुकतो, अडतो, ते पाहिजे. माझ्या भाचीला मी धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ दिलं, हा आपल्या साखवाळचा १८७६ साली जन्मलेला माणूस, बौद्ध धर्म शिकायचा म्हणून घर सोडून काशी, नेपाळ, श्रीलंका असा फिरला. भाची दहावीत आहे, तिचा पहिला प्रश्न होता, मावशी, घरी बायको आणि तान्ही मुलगी होती, त्यांचं काय? मी उत्तर दिलं नाही, म्हटलं तू पुढे वाच आणि तूच सांग. ती तीन दिवस त्याच्यावर बोलत होती.

विज्ञानाचं वाचलं की काहीतरी करून बघायचं, हे सोडू नका. धर्मानंदांचा मुलगा दामोदर कोसंबी, जन्म गोव्यातलाच, १९०७ चा, गणिती माणूस, पण त्यांनी प्राचीन नाणी वजन करून करून इतिहास शोधला, कारण नाणं जेवढं हातोहात फिरतं तेवढं झिजतं. मुलाने हे वाचलं आणि घरातली जुनी जाडी पाच रुपयांची नाणी गोळा केली, नवीन असताना ती ९ ग्रॅमची असतात. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर एकेक ठेवून नाण्यावरचं साल आणि वजन वहीत लिहिलं. एक जुनं नाणं नव्यापेक्षा जड निघालं, तर पोराचं तोंड उतरलं. मग मीच म्हटलं की एकदोन नाण्यांवरून काही ठरत नाही, पुष्कळ नाणी लागतात, म्हणून तर कोसंबींना संख्याशास्त्र लागलं. आता तो भाजीवाल्याकडे सुटे मागतो तेव्हा नाण्यांची सालं बघतो 😊

समाजाविषयीचं वाचन असेल तर एका विषयावर एकच पुस्तक देऊ नका, दोन बाजूंची दोन द्या. हळदीच्या पेटंटचं प्रकरण सोपं आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, आपल्या माशेलला जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, त्यांनी जुने पुरावे देऊन आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. त्यात पोरं लगेच आपल्या बाजूने उभी राहतात. पण जिथे आपल्याच घरात दोन मतं आहेत असा विषय घ्या, तिथे खरं वाचन होतं. आम्ही गोव्याच्या जनमत कौलाचा विषय घेतला. १६ जानेवारी १९६७, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, विलीनीकरणाला चिन्ह फूल आणि केंद्रशासितला दोन पानं, आणि विलीनीकरणाच्या विरोधात जास्त मतं पडली. शाळेच्या पुस्तकात हे पटकन संपतं, म्हणून मी मुलाला विलीनीकरणवाद्यांचं एक आणि विरोधकांचं एक असं दोन्ही लिखाण काढून दिलं, आणि वहीच्या पानाचे दोन भाग करायला सांगितले, डावीकडे लेखक काय म्हणतो आणि उजवीकडे हे कशावरून म्हणतो. उजवी बाजू बऱ्याचदा रिकामीच राहते आणि ते त्याचं त्यालाच दिसतं.

पुस्तकं संपल्यावर त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. आमच्याकडे आजीने फुलावर शिक्का मारला होता आणि आजोबांनी दोन पानांवर, आणि हे दोघांनी एकमेकांना सांगितलंच नव्हतं, ते परवा नातवासमोर बाहेर आलं. तो मधे वही घेऊन बसला होता, आजीचं डावीकडे लिहू की उजवीकडे असं विचारत.