काळा घोडा बघायला जाण्याआधी

ड्रेसेजसाठी (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याचा खेळ) जवळपास विकायला असलेला काळा घोडा बघायला निघाला असाल, तर काय तपासायचं त्या यादीत रंग सगळ्यात खाली लिहा. काळाकुळकुळीत घोडा उन्हात चकाकत बाहेर आला की भलेभले त्याचे पाय बघायचे विसरतात. मीही विसरलो होतो.

फोनवरच विचारून घ्या : वय, उंची, सध्या रोज कोण बसतं, ड्रेसेजच्या कोणत्या पातळीपर्यंत तयारी झाली आहे, कधी लंगडला होता का, आणि का विकताय. शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, तेही ऐका. घोडा जवळपासच असल्याचा मोठा फायदा म्हणजे दोनदा जाता येतं, एकदा ठरवून आणि एकदा सहज डोकावायला. सोबत हेल्मेट, तुमच्याहून अनुभवी माणूस आणि एक ओलं पांढरं फडकं असू द्या. आम्ही येईपर्यंत घोडा ठाणावरून हलवू नका, असं आधीच सांगून ठेवा आणि अर्धा तास लवकर पोहोचा.

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे खोगीर बसतं तिथे पाठीवर हात ठेवणं. केस दमट, कातडी गरम असेल तर सकाळीच कुणीतरी त्याला घामाघूम करून शांत केलंय. माझ्या बाबतीत पाठ ओली होती, ‘आत्ताच धुतलाय’ म्हणाले, मी मान डोलावली. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी, थंड पाठीवर खोगीर चढवताच, त्याने ती कमानीसारखी वर काढली आणि मी वाळूत.

पाठीजवळ आहातच तर खांद्यामागचा उंचवटा नीट बघा. न बसणारं खोगीर वर्षानुवर्षं घासलं की तिथे पांढरे केस उगवतात, आणि काळ्या घोड्यावर ते लपत नाहीत. पांढरं फडकं तिथेच ओढा. काळं झालं तर तो मळ की रंग, ते तुम्हीच ठरवा. नाकपुडीभोवती आणि कुशीत तपकिरी झाक असेल तर तो बहुधा गडद तांबडा. अस्सल काळाही उन्हाने आणि घामाने तांबूस पडतो. खात्रीच हवी तर केसांच्या मुळांवरून जनुकीय चाचणी होते. स्पर्धेत गुण रंगावर मिळत नाहीत, तेव्हा त्यापायी जास्त पैसे मोजू नका.

मग चाल. विकणारा हमखास दुडकी (ट्रॉट, दोन ठोक्यांची मध्यम चाल) दाखवतो, कारण ती डोळ्यात भरते. पण दुडकी मेहनतीने सुधारते. साधी चाल आणि कँटर (संथ दौड) घोडा जवळपास जन्मतःच घेऊन येतो. साध्या चालीत चार ठोके वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत, बोटांवर मोजा. एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जोडीने पडत असतील तर तिथेच थांबा. वाळू सारखी करून त्यावरून चालवायला सांगा : मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्याही पुढे उमटायला हवा. कँटरचे तीन ठोके स्वच्छ, आणि डावीकडे-उजवीकडे दोन्ही दिशांनी सारखे. आधी त्यांचा माणूस बसेल, नंतर तुमचा, शेवटी तुम्ही.

पशुवैद्य तुमचा हवा. त्या तबेल्यात रोज जाणारा नको. पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच पळवण्याची चाचणी, पायांचे एक्स-रे, आणि वेदनाशामक औषध पकडायला रक्ताचा नमुना, हे तिन्ही करून घ्या. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. पुढचे सगळे कायमचे दात पाचव्या वर्षापर्यंत येतात, त्यावरून सांगितलेलं वय ताडता येतं. कातडीखालच्या मायक्रोचिपचा 15 अंकी आकडा घोड्याच्या पासपोर्टाशी (ओळखपुस्तिकेशी) जुळवा. घोडा फ्रिजियन (नेदरलँड्सची काळी जात) असेल तर त्याला खाताना बघा. या जातीत अन्ननलिका सैल पडण्याचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो.

दारं-गव्हाणीच्या कडा कुरतडलेल्या आहेत का, म्हणजे घोड्याला लाकूड चावायची खोड आहे का, हे जाता-जाता बघून घ्या.

ठरलंच तर दहा दिवस पुरेल इतकी त्याची आत्ताची चंदी सोबत मागून घ्या. नवी हळूहळू मिसळली नाही तर पोटशूळ उठतो. आणि घोडा गाडीत चढतो का, हे पैसे देण्याआधी बघा, रात्री रस्त्याकडेला नव्हे.