लॉकडाऊनमधली ॲप काढताना: आधी पैसे, मग खातं, शेवटी ॲप

२०२० च्या मार्चनंतर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोनांत ॲप भराभर आली, ती हौसेने नव्हे. घरी क्वारंटाईन असलं तर कर्नाटक सरकारच्या 'क्वारंटाईन वॉच' ॲपवर सकाळी ७ ते रात्री १० दर तासाला सेल्फी, पोरांचा वर्ग झूमवर, गृहपाठ व्हॉट्सॲपवर, किराणाचे पैसे फोनपेवर. घाईत जिथे-तिथे 'अलाऊ' दाबलं गेलं.

आता साफसफाई करताना बहुतेक जण आयकॉन दाबून धरतात आणि अनइन्स्टॉल करतात. त्याने फक्त फोनमधली जागा मोकळी होते. खातं कंपनीकडे राहतं, वर्गणीची परवानगी बँकेत राहते.

म्हणून आधी पैसे बघा. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा. तिथे काही दिसलं नाही म्हणजे सुटलात असं नाही. शिकवणीची किंवा सिनेमाची वर्गणी बऱ्याचदा थेट यूपीआयवर बांधलेली असते. फोनपे किंवा गुगल पेच्या प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' शोधा आणि नको ते रद्द करा. एकदा परवानगी दिली की साधारण ₹१५,००० पर्यंतचा हप्ता पिन न विचारता कापला जातो. आदल्या दिवशी मेसेज तेवढा येतो, तो कोण वाचतं!

मग खातं. २ एप्रिल २०२० ला आलेल्या केंद्र सरकारच्या आरोग्य सेतू ॲपमधलं कोरोना रुग्णाशी आलेला संपर्क शोधणं केव्हाच बंद झालंय. ॲप नको असेल तर आधी लसीच्या प्रमाणपत्राची पीडीएफ उतरवून घ्या, नंतर सेटिंग्जमधून खातं काढा. बाकी ॲपमध्येही 'डिलीट अकाउंट' सेटिंग्जच्या तळाशी दडवलेलं असतं.

जी ॲप ठेवायची, त्यांच्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी', तिथे 'परमिशन मॅनेजर'. लोकेशन 'फक्त वापरताना' एवढंच ठेवा. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपला काँटॅक्ट्स कधीच नको. वसुलीसाठी पाव्हण्यारावळ्यांना फोन जातात ते त्यातूनच. धमक्या सुरू झाल्या तर स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

यूपीआय मात्र राहू द्या, ती सवय कामाची आहे. आपल्याकडे सीमाभागात घोळ होतो तो सिमचा. एक सिम कर्नाटकचं, दुसरं कोल्हापूरला किंवा चंदगडला घेतलेलं, आणि बँकेत भलताच नंबर. फोन बदलला की ॲप बँकेतल्या नंबरवरून एक मेसेज गुपचूप पाठवतं. तो नंबर त्याच फोनमध्ये हवा आणि पडताळणीच्या वेळी तेच सिम निवडायला हवं. सिमवर मेसेजचा बॅलन्स नसेल, किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज नसेल, तर वायफाय कितीही जोरात असलं तरी पडताळणी अडकते. साधा रिचार्ज मारा, रेंजमध्ये या, वायफाय बंद करून पुन्हा करा.

दुसरं सिम टाकून द्यायचं असेल तर आधी बँकेत जाऊन नंबर बदला. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे ओटीपी त्याच्या फोनवर.